समुद्र शांत, पण कुणासाठी?

कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचवर फळी घेऊन लाटांवर स्वार होणारी मंडळी रोज सकाळी कॉफीच्या आधी एक तक्ता उघडतात. सर्फचा अंदाज. उन्हाळ्यातल्या एखाद्या मंद आठवड्यात त्यात साधारण असं काहीतरी लिहिलेलं असतं: उद्या गुडघ्याएवढी लाट, क्वचित कंबरेपर्यंत. पिरियड १४ सेकंद, दिशा दक्षिण-नैऋत्य. सकाळी वारा जवळजवळ नाही, दुपारनंतर समुद्राकडून. आकाश स्वच्छ. त्यानंतरचे चार-पाच दिवस सपाट.

लाटेची उंची गुडघा, कंबर, छाती, डोकं अशी शरीराच्या मापात सांगायची तिकडे पद्धत आहे. आपल्याकडे नाही का नदीला 'कमरेइतकं पाणी' म्हणतात, तसंच. हंटिंग्टन बीचसारख्या ठिकाणाला ते बीच ब्रेक म्हणतात, म्हणजे जिथे लाट खडकावर न फुटता वाळूच्या उंचवट्यावर फुटते असा किनारा. वाळू आज इथे तर पुढच्या महिन्यात तिथे. त्यामुळे लाट तीच असली तरी ती कुठे आणि कशी फुटेल याचा भरवसा नाही.

आणि 'सपाट' हा शब्द वाचला की सर्फर मंडळींचा चेहरा पडतो. माझं नेमकं उलट आहे. मी सर्फर नाही, नोकरीत दिवसभर सर्व्हरचे आलेख बघतो. आलेख सपाट असला की आमचा दिवस चांगला, उसळी मारली की रात्रीची झोप गेली. त्यामुळे हा तक्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा मला प्रश्न पडला की आठ-आठ दिवस आधी लाटांची उंची सांगण्याची विद्या कुणी, कशासाठी तयार केली असेल? खेळणाऱ्यांसाठी एवढी मेहनत कोण घेणार?

शोधत गेलो तर उत्तर गमतीचं निघालं. ही विद्या तयार झाली ती बरोबर उलट कामासाठी. लाटा कधी येतील हे कळावं म्हणून नव्हे, तर कधी येणार नाहीत हे कळावं म्हणून. आणि ज्यांनी ती तयार केली त्यांच्या दृष्टीने चुकीचा अंदाज म्हणजे वाया गेलेला रविवार नव्हता, बुडालेली माणसं होती.

पण त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. पावसाळ्यात मुंबईत दरवर्षी बातमी येते, "आज समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार". महापालिका जी यादी जाहीर करते ती मोठ्या भरतीच्या दिवसांची असते. साडेचार मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी असते, नकाशावरच्या एका ठरावीक शून्यापासून मोजलेली. ती लाटेची उंची नव्हे. भरतीचं पाणी साडेचार मीटर असताना लाट अर्ध्या मीटरची असू शकते, आणि ओहोटीच्या वेळी तीन मीटरची. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही. भरती-ओहोटी चंद्र-सूर्य ठरवतात, म्हणून ती वर्षभर आधी मिनिटांच्या हिशेबात छापता येते. लाटा वारा ठरवतो. थोडक्यात, भरती हे वेळापत्रक आहे आणि लाट ही बातमी.

आता ही बातमी येते कुठून? वारा पाण्यावरून वाहतो आणि पाण्याला ऊर्जा देतो. किती मोठी लाट होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, आणि त्याला किती लांबीचं मोकळं पाणी मिळालं. वादळाच्या खाली समुद्र नुसता खवळलेला असतो, लहान-मोठ्या, आडव्या-तिडव्या लाटांची खिचडी. पण त्या लाटा वादळाच्या बाहेर पडल्या की वेगवेगळ्या होत जातात. खोल पाण्यात लांब पल्ल्याची लाट जलद जाते आणि आखूड लाट हळू. हिशेब सोपा आहे. दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत घ्या, म्हणजेच पिरियड, आणि त्याला २.८ ने गुणा. लाटांचा तांडा ताशी तितके किलोमीटर जातो. २० सेकंदांच्या लाटा ताशी ५६ किलोमीटर, १० सेकंदांच्या ताशी २८. वादळ ८,००० किलोमीटरवर असेल तर २० सेकंदवाल्या सहा दिवसांत येतील, १० सेकंदवाल्या बारा दिवसांत, आणि तोपर्यंत त्यांच्यात फारसा दमही उरलेला नसेल.

अशा दुरून आलेल्या, शिस्तीत एकामागोमाग येणाऱ्या लाटांना स्वेल म्हणतात. वरच्या तक्त्यातली १४ सेकंद, दक्षिण-नैऋत्य ही नोंद म्हणजे अशाच एका वादळाची डाक. वादळ न्यूझीलंडच्या बाजूला कुठेतरी होऊन गेलं, आठवड्याहून जास्त दिवसांपूर्वी. इथे कॅलिफोर्नियात ऊन पडलंय, वारा नाही, आणि तरी लाट येते आहे.

म्हणजे किनाऱ्यावरची हवा आणि किनाऱ्यावरची लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज हे वाक्य सोपं वाटतं. १९४२ साली त्यावर हिशेब मांडता येईल असं कोष्टक कुणाकडे नव्हतं.

त्या वर्षी अमेरिकन सैन्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरण्याची तयारी करत होतं. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर सराव चालायचा. सपाट बुडाच्या लँडिंग क्राफ्टमधून सैनिक किनाऱ्याकडे न्यायचे, पुढची फळी पाडायची, उतरायचं. लाटा पाच-सात फुटांच्या वर गेल्या की होडी लाटेला आडवी व्हायची, पाणी भरायचं आणि सराव बंद करावा लागायचा. वॉल्टर मंक नावाचा एक तरुण तेव्हा वॉशिंग्टनमध्ये हवामानाच्या कामावर होता. त्याच्या कानावर हे आलं. त्याने मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्याच्या नोंदी काढून बघितल्या. हिवाळ्यात तिथे बहुतेक दिवस लाटा सहा फुटांच्या वरच. सरावात "आज नको, उद्या बघू" म्हणता येतं. शत्रूच्या किनाऱ्यावर ते कसं म्हणणार?

हा मंक म्हणजे मूळचा व्हिएन्नाचा. जन्म १९१७. घरच्यांनी बँकेचा धंदा शिकायला चौदाव्या वर्षी न्यूयॉर्कला पाठवला, त्याला तो कंटाळला आणि कॅलिफोर्नियात जाऊन भौतिकशास्त्र शिकला. १९३९ साली ला होया या गावातल्या स्क्रिप्स संस्थेत आला. का, तर त्याची मैत्रीण उन्हाळ्यात त्या गावी जाणार होती! हे त्याने स्वतःच पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय. १९४२ च्या उन्हाळ्यात त्याचं वय होतं २४, म्हणजे आज माझं आहे त्यापेक्षा कमी. पीएच.डी. पण व्हायची होती, ती झाली १९४७ साली.

त्याने आपल्या गुरूंना, हॅराल्ड स्व्हेरड्रुप यांना गाठलं. स्व्हेरड्रुप नॉर्वेचे, स्क्रिप्सचे संचालक. दोघांनी मिळून जे केलं ते कुठल्याही इंजिनिअरला आवडेल असं आहे. उपपत्ती पूर्ण नव्हती, मोजमापं तुटपुंजी होती, मुदत काही महिन्यांची. त्यांनी काम तीन टप्प्यांत तोडलं. एक, वादळात वारा किती, किती वेळ आणि किती पाण्यावर, यावरून लाटेची उंची आणि पिरियड. दोन, वादळापासून किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासात ती किती उतरेल. तीन, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात शिरल्यावर ती किती चढेल आणि कुठे फुटेल. प्रत्येक टप्प्याला आलेख. हवामानाचा नकाशा हातात घ्यायचा, पट्टीने अंतरं मोजायची आणि आलेखांवरून बोट फिरवत उत्तरापर्यंत यायचं. कॉम्प्युटर अर्थातच नाही.

यात एक अडचण होती. समुद्रात सगळ्या लाटा सारख्या नसतात, मग 'लाटेची उंची' म्हणजे नक्की कुठल्या लाटेची? सगळ्यांची सरासरी घेतली तर ती होडीवाल्यांच्या सांगण्याशी जुळेना, कारण माणूस लहान लाटा मोजतच नाही. त्यांनी व्याख्या केली: सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. अनुभवी माणूस डोळ्यांनी बघून जो आकडा सांगतो त्याच्या ती जवळ जाते. ती व्याख्या सिग्निफिकंट वेव्ह हाइट या नावाने रूढ झाली. आजचे अंदाजही त्याच मापात दिले जातात, फक्त कॉम्प्युटर ती उंची लाटांच्या एकूण ऊर्जेवरून काढतो. (म्हणून अंदाजात दोन मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून चार मीटरच्या आसपासची लाट येऊ शकते. अंदाज चुकला असं नव्हे, मापच तसं आहे.)

८ नोव्हेंबर १९४२ रोजी सैन्य मोरोक्कोत उतरलं. त्या मोसमाच्या मानाने समुद्र बराच नरम होता, तरीही फुटणाऱ्या लाटांत पुष्कळ होड्या गेल्या. पण या कामाचं महत्त्व वरिष्ठांना पटलं. स्क्रिप्समध्ये लष्करी हवामान अधिकाऱ्यांसाठी वर्ग सुरू झाले आणि शंभराहून जास्त अधिकारी ही पद्धत शिकून बाहेर पडले. त्यातले दोघे, चार्ल्स बेट्स आणि जॉन क्रॉवेल, लंडनला ब्रिटिश नौदलाच्या लाटा-अंदाज विभागात पोचले. पुढचं काम होतं नॉर्मंडी.

आता नॉर्मंडीच्या मागण्या बघा. विमानातून उतरणाऱ्यांना चांदणं हवं. किनाऱ्यावर जर्मनांनी लोखंडी अडथळे रोवले होते, ते दिसावेत म्हणून पहाटे पाणी ओसरलेलं हवं. ढग फार खाली नकोत. वारा हलका हवा. आणि लाटा होड्यांना झेपतील एवढ्याच. चंद्र आणि ओहोटी यांची बेरीज १९४४ च्या जूनमध्ये तीनच दिवस जमत होती: ५, ६ आणि ७. भरतीचं गणित लिव्हरपूलजवळ आर्थर डूडसन यांनी दातेरी चक्रांच्या यंत्रावर आधीच करून दिलं होतं. वाळूचंही झालं होतं. १९४३ च्या ३१ डिसेंबरला, जर्मन पहारेकरी नववर्षाच्या रात्रीत असताना, दोन ब्रिटिश सैनिक पोहत किनाऱ्यावर गेले आणि रणगाडे रुततील का हे तपासायला वाळूचे नमुने घेऊन परत आले. वेळापत्रकाचा भाग तयार होता. बातमी तेवढी यायची होती.

मे महिना छान शांत गेला. जून लागला आणि अटलांटिकवर कमी दाबाच्या पट्ट्यांची रांग लागली. आयसेनहॉवरचे हवामान सल्लागार होते जेम्स स्टॅग. त्यांना तीन वेगवेगळे गट अंदाज देत. अमेरिकन गटातले अर्व्हिंग क्रिक जुन्या नकाशांत आजच्यासारखा नकाशा शोधायचे आणि तेव्हा पुढे काय झालं त्यावरून सांगायचे. (आमच्या भाषेत, जुन्या डेटातला सगळ्यांत जवळचा नमुना.) ब्रिटिश हवामान खात्यात होते नॉर्वेचे स्व्हेरे पेटरसेन, ते वरच्या हवेचे थर बघून मांडणी करायचे. तिसरा गट नौदलाचा. फोनवर तिघांचे वाद चालत आणि स्टॅगना त्यातून सेनापतींसमोर एकच वाक्य न्यावं लागे. ५ जूनबद्दल क्रिक यांचा गट "जा" म्हणत होता, बाकीचे नको म्हणत होते.

या वादात मोलाची ठरली आयर्लंडच्या पश्चिम टोकाची एक नोंद. ब्लॅकसॉड नावाच्या खेड्यातल्या पोस्टात मॉरीन फ्लॅव्हिन ही तरुणी तासातासाला बॅरोमीटर वाचून कळवायची. आयर्लंड युद्धात तटस्थ होता, पण हवामानाच्या नोंदी ब्रिटनला जात. अटलांटिकवरून येणारी हवा तिथे आधी लागते. ३ जूनला, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, दाब झपाट्याने उतरल्याची नोंद तिने पाठवली. इंग्लंडहून फोन आला, पुन्हा तपासा, पुन्हा कळवा. तिने पुन्हा तपासून तेच कळवलं. या नोंदींचं पुढे काय झालं हे तिला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. २०२३ च्या डिसेंबरात, वयाच्या शंभराव्या वर्षी ती गेली.

५ तारीख रद्द झाली. ४ जूनच्या रात्री, बाहेर पाऊस-वारा चालू असताना, स्टॅगनी सांगितलं की दोन वादळांच्या मध्ये जेमतेम दीड दिवसाची फट दिसते आहे. हवा चांगली होणार नाही, चालण्यासारखी होईल. आयसेनहॉवरनी ६ जून ठरवला आणि ५ च्या पहाटे त्यावर शिक्कामोर्तब केलं. पलीकडे जर्मनांना अटलांटिकवरच्या नोंदी फारशा मिळत नव्हत्या. या हवेत कुणी येत नाही असं धरून रोमेल बायकोच्या वाढदिवसासाठी घरी गेला होता.

इथपर्यंतची गोष्ट माहितीपटांत असते आणि अंदाज बरोबर आला म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. वाजवायलाच हव्यात. त्या एका दिवसात समुद्र आणि आकाशमार्गे दीड लाखाच्या वर माणसं उतरली. तो मुहूर्त चुकवला असता तर पुढची ओहोटी जुळत होती १९ जूनच्या आसपास, आणि १९ ते २२ जूनला खाडीत असं वादळ झालं की अमेरिकनांनी उभारलेलं कृत्रिम बंदरच मोडून पडलं.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते ओमाहा किनाऱ्यावरच्या रणगाड्यांनी.

सैन्याबरोबर तरंगणारे रणगाडे होते. रणगाड्याभोवती उंच कॅनव्हासचा पडदा, मागे पंखे. पडद्याच्या आत हवा राहते म्हणून तो तरंगतो. हा पडदा साधारण फूटभर लाटेच्या हिशेबाने केलेला. ६ जूनच्या सकाळी ओमाहासमोर लाटा तीन ते सहा फुटांच्या होत्या. माणसांच्या होड्यांना त्या कशाबशा झेपत होत्या, सगळे ओकून हैराण झाले पण होड्या जात होत्या. एका तुकडीने ३२ पैकी २९ रणगाडे किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर पाण्यात सोडले. त्यातले २७ बुडाले. प्रत्येकात पाच माणसं. काहींना वाचवता आलं, काहींना नाही. उरलेले दोन पोहत पोचले, आणि न सोडलेले तीन होडीने थेट किनाऱ्यावर नेले. शेजारच्याच तुकडीच्या अधिकाऱ्यांनी समुद्राकडे बघितलं, हे जमणार नाही असं ठरवलं आणि आपले रणगाडे पाण्यात न सोडता होड्यांनी थेट वाळूपर्यंत नेले. त्यांचे बहुतेक पोचले.

सकाळ तीच, समुद्र तोच, अंदाजही तोच. अंदाज चुकलाही नव्हता. तो लाखभर माणसांच्या होड्यांसाठी 'चालेल' असा होता. फूटभर लाटेपुरत्या कॅनव्हाससाठी 'चालेल' असा तो नव्हताच.

मला वाटतं या सगळ्या इतिहासातली धरून ठेवण्यासारखी गोष्ट ही आहे. 'समुद्र शांत आहे' हे वाक्य अर्धवट आहे. समुद्राबद्दलची माहिती त्यात अर्धीच असते, उरलेली अर्धी होडीबद्दल असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, 'सिस्टीम ठीक आहे' याला काही अर्थ नाही, कुठल्या कामासाठी ठीक आहे ते सांगा. मंक आणि स्व्हेरड्रुप यांनी लाटेचा आकडा दिला. तो आकडा माझ्या होडीला परवडतो का, हे बघण्याचं काम आकडा करत नाही.

युद्ध संपल्यावर १९४७ साली ही पद्धत उघडपणे छापली गेली आणि बंदरं, धक्के, तेलविहिरी बांधणाऱ्यांच्या हातात गेली. इंग्लंडात बार्बर आणि उर्सेल यांनी १९४८ साली दाखवलं की कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मोजलेल्या काही लाटा दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी झालेल्या वादळांमधून आल्या होत्या. मग १९६३ साली मंक आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून सामोआ, पाल्मायरा, हवाईमार्गे थेट अलास्कापर्यंत मोजणी-केंद्रं लावली आणि दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा अख्ख्या पॅसिफिकवरून पाठलाग केला. स्वतः मंक बायकोमुलींसकट सामोआत जाऊन राहिले. निष्कर्ष असा की वादळाच्या परिसरातून बाहेर पडलेली लांब लाट हजारो किलोमीटर जाऊनही जवळजवळ थकत नाही. या प्रयोगात क्लाउस हॅसलमन होते, ज्यांना पुढे २०२१ साली हवामानावरच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाटा एकमेकींना ऊर्जा कशी देतात याचं त्यांचं गणित आजच्या कॉम्प्युटर मॉडेलांच्या पोटात आहे.

आणि मग ही विद्या सर्फर लोकांकडे आली. कॅलिफोर्नियात शॉन कॉलिन्स नावाचा माणूस होता, हवामानाची पदवी वगैरे काही नाही. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर भटकताना तो रेडिओवरून येणारे हवामानाचे नकाशे फॅक्स मशीनवर उतरवून घ्यायचा आणि दक्षिणेतलं कुठलं वादळ किती दिवसांनी कुठल्या किनाऱ्यावर पोचतं याच्या नोंदी ठेवायचा. १९८५ साली सर्फलाइन ही टेलिफोन सेवा निघाली, फोन करा आणि लाटांचा अंदाज ऐका. कॉलिन्स तिचा अंदाजकार झाला. १९९५ पासून तेच इंटरनेटवर. कॉलिन्स २०११ मध्ये गेला, मंक २०१९ मध्ये, १०१ व्या वर्षी. एकाच्या पद्धतीचा जन्म सपाट समुद्र शोधण्यासाठी, दुसऱ्याचा धंदा सपाट समुद्र कधी संपेल हे सांगण्याचा. तक्ता मात्र एकच.

तुम्ही म्हणाल, हे झालं कॅलिफोर्निया आणि नॉर्मंडीचं, आपला काय संबंध? आहे. आपल्याकडे समुद्राचं वेळापत्रक पिढ्यान् पिढ्या मोसमावर चालत आलं. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग दर्याला हात लावायचा. पावसाळ्याबाहेरचा समुद्र म्हणजे शांत, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण हिंदी महासागर दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत उघडा आहे. तिकडच्या वादळांच्या लांब लाटा आपल्या किनाऱ्यावर येतात, आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आपल्या सगळ्यांत स्वच्छ दिवसांत, ठळक येतात. केरळच्या कोळ्यांनी त्याला नाव ठेवलंय, कळ्ळक्कडल. कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. चोरपावलांनी येणारा समुद्र. वारा नाही, पाऊस नाही, आणि पाणी घरात.

६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटेने ओढले जाऊन बुडाले. त्या दिवसांत हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेने अशाच लाटांचा इशारा दिलेला होता. लाटांचं मूळ होतं एप्रिलअखेर दक्षिण अटलांटिकमध्ये, सुमारे १०,००० किलोमीटरवर झालेलं एक वादळ. म्हणजे अंदाज होता. आकाश मात्र वेगळंच सांगत होतं, आणि किनाऱ्यावर फिरायला गेलेला माणूस आकाशच बघतो. त्यात त्यांना दोष तरी काय द्यायचा? तक्त्यातला आकडा त्या वाळूपर्यंत, त्या माणसापर्यंत पोचवणं हा अंदाजाचा चौथा टप्पा आहे, आणि तो कुठल्याच आलेखावर सुटत नाही.

याच इन्कॉइसने २०२० साली लहान मासेमारी होड्यांसाठी एक सेवा सुरू केली. त्यात इशारा देताना होडीची रुंदीही विचारात घेतात. समुद्र एकच, पण रुंद ट्रॉलरला 'जा' आणि अरुंद होडीला 'नको' असं सांगता येतं. ओमाहाच्या कॅनव्हासपासून इथवर यायला ७६ वर्षं लागली, पण आलो.

असो, लांबलं जरा. तुम्ही मे महिन्यात गणपतीपुळ्याला, तारकर्लीला, गोव्याला जाल तेव्हा इन्कॉइसचा अंदाज मोबाईलवर फुकट बघता येतो. उंचीच्या शेजारी पिरियड लिहिलेला असतो, तो वाचा. लाट मीटरभराचीच असेल पण पिरियड १५ सेकंदांच्या वर असेल तर ती लाट फार दुरून, फार ऊर्जा घेऊन आलेली आहे, आणि खोल पाण्यात न दिसणारी तिची ताकद वाळूवर आल्यावर दिसते. त्या दिवशी पोरांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नका. आकाश कितीही निळं असलं तरी.